तेरा लाखांचा संकल्प: त्रयोदशाक्षरी मंत्राचं सव्वा वर्ष

‘श्रीराम जय राम जय जय राम’ या तेरा अक्षरी मंत्राचा तेरा लाख जप १० जुलै २०२५ ला, गुरुपौर्णिमेला पूर्ण झाला. सुरुवात केली होती २०२४ च्या रामनवमीला. नामाचं माहात्म्य सांगणारी पुस्तकं घरात ढीगभर आहेत. पण अंगठा दुखायला लागला तर काय करायचं, सुतकात माळ धरायची की नाही, मार्चअखेरीला आकडा कसा गाठायचा, हे त्यांत कुठे सापडलं नाही. ज्यांच्या मनात असा संकल्प घोळतो आहे पण धीर होत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी नाशिकला एका सरकारी कार्यालयात लेखा शाखेत आहे. घरात नवरा, मुलगा आणि सासूबाई. सासूबाई रोज अकरा माळा करतात, वर्षानुवर्षं, गाजावाजा न करता. मी आपली अधूनमधून एखादी माळ ओढायची. पन्नाशी जवळ आली तेव्हा वाटलं, एकदा काहीतरी नेटाने, शेवटापर्यंत करून बघावं.

रामनवमीच्या पंधरा दिवस आधी आमच्या गुरुजींकडे गेले. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. अनुग्रह, म्हणजे गुरूंकडून नामाची दीक्षा, झालाय का? रोज किती वेळ देणार? आणि कशासाठी करायचं आहे? अनुग्रह झालेला नव्हता. त्यावर ते म्हणाले, रामनामाला कोणी अडवत नाही, करा. वेळ दोन तास म्हटलं. तिसऱ्या प्रश्नावर मात्र मी गप्प. मागायचं असं काही डोक्यात नव्हतं. “मग बरंच झालं, संकल्पात ‘श्रीरामप्रीत्यर्थ’ म्हणू,” म्हणाले.

मग त्यांनी दोन रस्ते समजावले. पहिला रीतसर पुरश्चरणाचा. त्यात जपाच्या दशांश होम, होमाच्या दशांश तर्पण, तर्पणाच्या दशांश मार्जन, म्हणजे मंत्र म्हणत पाणी शिंपडणं, आणि मार्जनाच्या दशांश ब्राह्मणभोजन. तेरा लाखांवर हे लावून बघा: १ लाख ३० हजार आहुती, १३,००० तर्पणं, १,३०० मार्जनं, १३० पानं. शिवाय हविष्यान्न म्हणजे साधं सात्त्विक अन्न, जमिनीवर झोपणं, आसन आणि वेळ न बदलणं. होम जमत नसेल तर त्या संख्येच्या दुप्पट जप करायची सोय आहे, पण म्हणजे आणखी २ लाख ६० हजार. दुसरा रस्ता साध्या संख्यासंकल्पाचा: ठरवलेला जप पुरा करायचा, शेवटी ऐपतीप्रमाणे होम आणि अन्नदान. “नोकरी करता ना ताई? मग दुसरा,” असा त्यांनी निकालच दिला. नोकरदार माणसाने पहिल्याच खेपेला पुरश्चरणाच्या वाटेला जाऊ नये, असं आता माझंही मत आहे.

घरी येऊन हिशेब मांडला. माळ १०८ मण्यांची, पण मोजताना शंभरच धरायची. वरचे आठ चुकल्यामाकल्याचे. म्हणजे तेरा लाखांना १३,००० माळा. एका माळेला मला साधारण चार मिनिटं लागतात. रोज ३० माळा म्हणजे दोन तास, आणि अशाने सव्वा वर्षाच्या आत काम होतं. अठरा माळा पहाटे, बारा रात्री जेवणानंतर. ही वाटणी शेवटपर्यंत टिकली. सुरुवातीला मी सगळ्या तीस पहाटेच उरकायच्या ठरवल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, “दोन घास कर, एका घासात ठसका लागतो.”

१७ एप्रिल २०२४, बुधवार. रामनवमीला पंचवटीत काळाराम मंदिराकडे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून पहाटेच आगर टाकळीला जाऊन आले. समर्थ रामदासांनी इथेच नंदिनी-गोदावरीच्या संगमाजवळ बारा वर्षं राहून, पहाटेपासून दुपारपर्यंत नदीच्या पाण्यात उभं राहून या मंत्राचा तेरा कोटी जप केला, असं परंपरा सांगते. त्यांनी शेणाचा घडवलेला गोमय मारुती मठात आहे. नंदिनीला आता सगळे नासर्डीच म्हणतात आणि तिचं पाणी पाय बुडवण्यासारखं राहिलेलं नाही, ते बघून वाईट वाटतं. मठात बसल्या बसल्या सवयीने तेरा कोटींचाही हिशेब केला: दिवसाला जवळपास तीस हजार, म्हणजे तीनशे माळा. एका जपाला दोन सेकंद धरले तरी रोजचे साडेसोळा तास. माझ्या तीस माळा अगदीच किरकोळ वाटायला लागल्या आणि त्यामुळे गंमत म्हणजे भीतीही गेली.

घरी येऊन देवापुढे संकल्प. पळी-पंचपात्र, उजव्या हातात पाणी आणि अक्षता, गुरुजींनी क्रोधी नाम संवत्सरापासून तिथी-वार-नक्षत्र म्हटलं, मी माझं नाव-गोत्र आणि संख्या सांगितली, पाणी ताम्हनात सोडलं. दहा मिनिटांचं काम. दक्षिणा ५०१ रुपये.

सामानाची खरेदी पंचवटीतच केली. तुळशीची माळ, गोमुखी म्हणजे माळ झाकून ओढायची पिशवी, लोकरीचं आसन, सगळं मिळून सहाशे रुपयांत. माळ घेताना दोन मण्यांमध्ये गाठ मारलेली बघून घ्या. गाठी नसल्या की मणी एकमेकांना चिकटतात आणि दोन मणी एकदम सरकतात. माळ मधल्या बोटावर धरायची, अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लागू द्यायची नाही. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा वेगळा मणी, आला की तो ओलांडायचा नाही, माळ तिथूनच उलटी फिरवायची. गोमुखीच्या आत, न बघता, एका हाताने माळ उलटवायला मला महिनाभर लागला. सुरुवातीला खुशाल दुसऱ्या हाताची मदत घ्या.

आणि एक दोनशे पानी वही. रकाने असे: तारीख, सकाळ, रात्र, एकूण, आजअखेर, शिल्लक. आमच्याकडे रोकड वही लिहितात तशीच.

या वहीवरून मला बरंच ऐकायला लागलं. “देवाशी कसला हिशेब?” असं म्हणणारे आप्तेष्ट होते, आणि “भाव महत्त्वाचा, संख्या नाही” असं सांगणारे तर पैशाला पासरी. त्यांच्यापैकी किती जण रोज बसतात, हे मी कधी विचारलं नाही. पण आजचे तीस लिहायचे राहिलेत, एवढ्या एका गोष्टीने मला रात्री साडेदहाला आसनावर बसवलं आहे. भावाने बसायचं म्हटलं असतं तर जूनपर्यंतसुद्धा पोचले नसते. भाव येतो तेव्हा येतो. वही रोज असते.

पहिला महिना शरीराचाच. पहाटे पावणेपाचला उठणं एक वेळ जमतं, पण उठून, अंघोळ करून, डोळे मिटून सव्वा तास बसलं की झोप मागच्या दाराने परत येते. पाचव्या-सहाव्या माळेला मान पडायची. यावर उपाय एकच, मोठ्याने म्हणणं. पण घरात मुलगा झोपलेला. मग ओठ हलवत, आपल्यालाच जेमतेम ऐकू येईल असा उपांशु जप. मनुस्मृतीत मोठ्याने केलेल्या जपापेक्षा उपांशूला आणि उपांशूपेक्षा मानस जपाला वरचढ म्हटलंय. असेल, पण नवख्या माणसाने मानस जपाच्या फंदात पडू नये. मनात म्हणताना आपण म्हणतोय की नुसते मणी ओढतोय, हेच कळत नाही. कोमट पाण्याचं भांडं शेजारी ठेवा, घसा कोरडा पडतो. मांडी घालून गुडघे भरून आले तेव्हा गुरुजींना भीत भीत विचारलं. ते म्हणाले, खुर्चीवर आसन टाकून बसा, पाय जमिनीला टेकत असतील तर पायाखालीही काही घ्या. तेव्हापासून रात्रीच्या माळा खुर्चीवर.

जुलैत उजव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका सुरू झाला. एवढ्याशा मण्याने काय होणार, म्हणून दुर्लक्ष केलं. पण रोज तीन हजारांवर मणी एकाच बोटाने ओढतोय आणि दिवसभर कीबोर्डवर तोच हात. चहाचा कप उचलवेना. फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिले आणि तीन आठवडे माळ बंद करायला सांगितलं. जप थांबला नाही. बोटात घालायचा बटणाचा काउंटर मिळतो, शंभरेक रुपयांना, तो डाव्या हातात घेतला. सासूबाईंना ते यंत्र काही पटलं नाही, “टिकटिक कसली ती,” म्हणायच्या. मलाही माळेसारखं वाटलं नाही. मणी हाताला लागतो तसं बटण लागत नाही. पण आकडा बरोबर देतं, आणि बसमध्ये, दवाखान्यात, कोणाच्या लक्षातही येत नाही.

भाद्रपदात चुलत सासरे गेले. दहा दिवस सुतक. आता वहीचं काय? गुरुजींना फोन केला. त्यांचं म्हणणं, नामाला सोयरसुतक नाही, माळ आणि देवघर तेवढं बाजूला ठेवा, बोटांच्या पेरांवर मोजा. करमाळेत अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरुवात करून तर्जनीच्या मुळापर्यंत दहा पेरं होतात, मधल्या बोटाची दोन पेरं मेरू म्हणून सोडायची. दहाचा फेरा झाला की डाव्या हाताचं एक पेर पुढे. कोणाकोणाकडे सुतकात धरलेला जप संख्येत घेत नाहीत. आपल्या घरी, आपल्या परंपरेत विचारून ठरवावं. पाळीच्या दिवसांचाही हाच प्रश्न बायकांनी मला खासगीत विचारलाय. मी त्या दिवसांत देवघरात न जाता खिडकीशी बसून पेरांवर करत होते आणि संख्येत धरत होते. मंत्राच्या पुरश्चरणाचे नियम वेगळे असतील. नामाला मला ते लावावेसे वाटले नाहीत.

आमच्या भागात एक जपाचा गट आहे. सगळ्यांच्या संख्या गोळा करून तेरा कोटींपर्यंत न्यायच्या, मग पूर्णाहुती. त्यांचा महिन्याचा छापील फॉर्म: नाव, मोबाइल, महिना, जपसंख्या, सही. अपुरी माळ लिहायची नाही. माझा संकल्पाचा जप त्यांच्या आकड्यातही धरायचा का, हा मला पडलेला लेखा शाखेचा प्रश्न. एकच बिल दोनदा पास केल्यासारखं वाटत होतं. फॉर्म गोळा करणारे काका हसले. “ताई, इथे ऑडिट नाही. लिहा.” लिहिलं. महिनाअखेरीला फॉर्म द्यायचाय म्हटलं की शेवटच्या आठवड्यात आळस कमी होतो, हा त्याचा व्यवहारी उपयोग.

दिवाळीनंतरचा काळ सगळ्यात रुक्ष. नवलाई संपलेली, शेवट दिसत नाही. बसलं की डोक्यात बिलं, त्रुटी, वहिनीशी दहा वर्षांपूर्वी झालेलं भांडण, भांडणात तेव्हा न सुचलेली उत्तरं. कुठला प्रकाश दिसला नाही, कसला नाद ऐकू आला नाही. ‘काय अनुभव आला?’ असं जे विचारतात, त्यांना मी सांगते की अनुभव असा काही नाही. एटीएमच्या रांगेत किंवा भाजी चिरताना अचानक लक्षात येतं की आत मंत्र चालू आहे, मी सुरू न करता. थोडा वेळ चालतो, लक्ष गेलं की थांबतो. बस, इतकंच.

डिसेंबरात गोंदवल्याला गेले. माण तालुक्यातलं गोंदवले बुद्रुक, सातारा-पंढरपूर रस्त्यावर. ब्रह्मचैतन्य महाराजांनी हाच तेरा अक्षरी मंत्र हजारो प्रापंचिकांना दिला. २२ डिसेंबर १९१३ ला पहाटे त्यांनी देह ठेवला, तिथी मार्गशीर्ष वद्य दशमी. २०२४ मध्ये ती २५ डिसेंबरला, सुट्टीच्या दिवशीच आली, त्यामुळे किरकोळ रजेचा एकच अर्ज पुरला. नाशिकहून पुणे, साताऱ्यामार्गे एसटीने गेले. बायकांना अर्धं तिकीट असल्याने खर्च बेताचा. पुण्यतिथीच्या उत्सवात स्वतंत्र खोलीची आशा धरू नका; मोठ्या हॉलमध्ये सतरंजीवर जागा मिळते आणि माणची डिसेंबरातली थंडी हाडांत शिरते, तेव्हा जाड पांघरूण आपलं आपण न्या. प्रसादाला पैसे नाहीत. पंगत बसली की ‘जानकीजीवन स्मरण जय जय राम’ होतं आणि वाढपी अशा चपळाईने फिरतात की बघत राहावं. पहाटे ५ वाजून ५५ मिनिटांनी गुलाल उधळतात. त्या गर्दीत मला समाधी दिसलीही नाही, नुसता रंग आणि लोकांच्या पाठी.

गोंदवल्याची खरी कमाई मात्र आदल्या दुपारची. मंडपात एका खांबाला टेकून माळ ओढत होते. शेजारी एक आजी, नऊवारी, कानात यंत्र. बराच वेळ माझ्या ओठांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “अगं, ‘जय जय’ दोन आहेत. एक तू खातेस.” आणि त्यांनी म्हणून दाखवलं: श्रीराम, इथे किंचित थांबून, जय राम, पुन्हा थांबून, जय, जय, राम. प्रत्येक जय वेगळा. वेग वाढत गेला की हे सगळ्यांच्याच बाबतीत होत असणार, ओठ सपाट होतात आणि तेरा अक्षरांची अकरा होतात. चार मिनिटांची माळ माझ्या नकळत तीनवर आली होती. त्या दिवसापासून महिन्यातून एकदा घड्याळ लावून एक माळ करायची, चारच्या खाली आली की आठ दिवस मोठ्याने म्हणायचं. अनुग्रह घेण्याचा विचारही तिथे मनात आला होता, पण गर्दीत, घाईत तो घ्यावासा वाटला नाही. पुढे बघू.

फेब्रुवारीत माळ तुटली. पहाटेच्या अंधारात मणी कपाटाखाली, पलंगाखाली. मोजले तर १०७ भरले. एकशे आठवा दोन दिवसांनी सासूबाईंच्या चपलेत सापडला. पंचवटीत माळ ओवून देतात, पन्नास रुपये आणि अर्धा तास. ओवणाऱ्याने जुने मणी चोळून बघितले आणि म्हणाला, “वापरातली माळ आहे, नवी घेऊ नका.” खरंच, वर्षभराने मणी काळपट आणि इतके गुळगुळीत होतात की नवी माळ हाताला खरखरते. दोन माळा आलटून पालटून वापरल्या तर दोरा जास्त टिकतो.

मार्च २०२५ चं काय सांगू? लेखा शाखेत ज्याने मार्च काढलाय त्यालाच कळेल. बिलं, कोषागार, रात्री दहाला घरी. पहाटेच्या अठरा कशाबशा व्हायच्या, रात्रीच्या बारा कधी पाच, कधी शून्य. ३१ तारखेला वहीत दीडशे माळांची तूट दिसत होती. पण संकल्प करताना गुरुजींनी रोजची संख्या बोलायला लावली नव्हती, फक्त एकूण. तुम्हीही तसंच करा. ‘रोज इतकी’ असं पाणी सोडून बोललात तर एक दिवस चुकला तरी मनाला टोचणी. एप्रिलपासून रोज पाच माळा जादा धरल्या आणि महिन्याभरात तूट भरून निघाली. रविवारी शंभर माळा करून टाकू, असा मोह होतो. एका रविवारी करून बघितलं, सोमवार-मंगळवार माळेकडे बघवेना.

जूनअखेर शिल्लक तीन आकड्यांत आली आणि मला भलतीच घाई सुटली. आषाढी एकादशी ६ जुलैला होती, त्या दिवशी संपवावं असं वाटत होतं. सासूबाईंनी तेही मोडीत काढलं: “पंढरपूरची गाडी पकडायचीय का तुला?” तीसच्या चालीने गुरुपौर्णिमा आली. शेवटच्या माळा रात्री खुर्चीवर बसूनच झाल्या. नवरा आणि मुलगा समोर येऊन बसले होते, मुलगा मोबाइल बाजूला ठेवून. वहीत शिल्लक शून्य लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

होमाला लगेचचा दिवस मिळाला नाही. अग्नीचं वास्तव्य पृथ्वीवर असेल असा दिवस पंचांगात बघावा लागतो. तो रविवारी, १३ जुलैला निघाला. सोसायटीचा हॉल हवा होता. लेखी अर्ज, भाडं हजार रुपये, परत मिळणारी दोन हजार अनामत, आणि सेक्रेटरींच्या अटी: फरशीवर आधी विटा आणि वाळू, अग्निशामक नळकांडं हाताशी, धूर बाहेर जायला दोन्ही दारं उघडी, बाराच्या आत आवरायचं. अटी रास्त होत्या. अर्ज निदान पंधरा दिवस आधी द्या, मी उशिरा दिल्याने कमिटीतल्या तिघांच्या सह्या घ्यायला मजले चढत फिरावं लागलं.

तेराशे आहुती ठरवल्या होत्या. चौघं बसलो, प्रत्येकाच्या तीनशे पंचवीस. मंत्र म्हणून ‘स्वाहा’ म्हटलं की चौघांच्या एकदम चार आहुती, तीळ आणि तूप. पंचवीस वेळा झालं की गुरुजी एक सुपारी बाजूला ठेवायचे. तेरा सुपाऱ्या झाल्या की संपलं. पाऊण तास लागला. सुती कपडे घाला आणि तूप टाकणाऱ्याला वाऱ्याच्या बाजूला बसवा. आमच्या दिरांचे डोळे संध्याकाळपर्यंत लाल होते. गुरुजी दोघं, दक्षिणा आणि सामान मिळून नऊ हजार. १३० पानं काही झेपणार नव्हती, म्हणून एका वसतिगृहातल्या मुलांना दुपारचं जेवण दिलं, साडेसहा हजारांत. पुलाव की श्रीखंड-पुरी, हे आधी मुलांनाच विचारलं होतं. पुलाव आणि गुलाबजाम निघालं.

फिजिओथेरपीचे २,४०० आणि गोंदवल्याचा प्रवास धरून सगळा खर्च बावीस हजारांच्या आसपास गेला. यातला होम आणि अन्नदान सोडलं तर जपाला तसा खर्च नाहीच.

सध्या रोज पाच माळा करते, वही न लिहिता. आठवड्यापूर्वी आमच्याच कार्यालयातल्या आवक-जावकच्या टेबलावरच्या ताईंनी विचारलं, तुमच्या वहीचे रकाने देता का. त्या ‘ॐ नमः शिवाय’ चा सव्वा लाख धरणार आहेत, येत्या महाशिवरात्रीपर्यंत. म्हटलं, १,२५० माळा, रोज दहा केल्या तर सव्वाशे दिवस, तेव्हा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा आणि एक रकाना जास्त आखा, शेऱ्याचा. माझ्या वहीत तो नव्हता. अंगठा कधी दुखायला लागला, सुतक कोणत्या तारखेला आलं, हे सगळं मला समासात लिहावं लागलं.